बापाच्या हातची सफेद, माझ्या हातचा गूळ

एका परक्या बाईच्या, नुकत्याच वारलेल्या बापाच्या हातची शेवटची वाइन मी गूळ घालून उकळली. वेलचीही घातली. तीन वेलच्या, सालासकट कुटून.

हे लिहायला मला साठ वर्षं लागली. अजूनही वेलचीपाशी आले की हसू येतं, आणि लगेच पुढचं आठवतं. नुसतं उकळण्यावर भागलं असतं तर ही गोष्ट मी केव्हाच हळदीकुंकवात रंगवून सांगितली असती. पण उकळल्यावर मी जे बोलले, ते त्या उन्हाळ्यानंतर कुणाला सांगितलं नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि आपल्याला येत नाही असं जगात काही असतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न करून भिलाईला आले. आमचे हे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. कारखाना अजून पुरता उभा व्हायचा होता. लाल मुरमाची धूळ इतकी, की सकाळी वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी विटकरी होऊन घरात यायचं. क्वार्टरच्या भिंतीला टेकलं की पाठीला चुना. सासूबाई गावी, म्हणून घरची मालकीण मीच. त्या मालकिणीला धड पुरणपोळी जमत नव्हती, पण तोरा कलेक्टरीणबाईचा.

क्वार्टरच्या मागे तारेचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे रशियन साहेबांची घरं. आमच्या बरोब्बर मागे एक गोरी, ठेंगणी, जाड भुवयांची बाई राहायची. नवरा भट्टीच्या कामावर. आम्ही तिला रशियन बाई म्हटलं की ती बोट हलवायची. "रशिया नाही. ग्रुझिया." आता त्या देशाला जॉर्जिया म्हणतात. तेव्हा आम्हाला सगळं एकच.

तिच्याकडे आणि माझ्याकडे भांडी घासायला एकच बाई यायची. माझ्या आईच्या वयाची, उभी शिडशिडीत, रुआबांध्याची. तिच्या घरची शेती कारखान्याच्या जमिनीत गेली होती. छत्तीसगडात बाईला तिच्या गावावरून हाक मारतात, तशी ती आमची रुआबांधावाली. तिनं मग कुंपणापलीकडच्या बाईचं नाव ग्रुझियावाली करून टाकलं.

ग्रुझियावाली रुआबांधावालीकडून हिंदी शिकली. म्हणजे तिला वाटायचं आपण हिंदी शिकून राहिलो. ती शिकली होती ती छत्तीसगढी. आमच्या ह्यांना, साहेबाला, दुर्गहून आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यालासुद्धा ती हसून विचारायची, "तैं का करत हस?" म्हणजे "तू काय करतोस रे?" अधिकारी लाल व्हायचा. रुआबांधावाली काम आटोपून निघताना रोज म्हणायची, "काली आहूं." उद्या येते. ग्रुझियावालीही कुंपणावरून मला तेच म्हणायची. काहीतरी नको म्हणायचं असलं की "झन". हातात चहाचा कप ठेवला तरी आधी "झन, झन", मग प्यायची.

आता रांजणाचं. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात पाण्याचा रांजण मागच्या अंगणात ओल्या वाळूत निम्मा पुरतात. मीही पुरला होता, वर गवताची तट्टी बांधून. रुआबांधावाली कामाला आली की आधी त्यातलं पाणी मागायची. मी वरून ओतायची, ती ओंजळीनं प्यायची. पेला द्यावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ओंजळ रिकामी झाली की ती म्हणायची, "तुंहर घर के पानी बने हे बाई." तुमच्या घरचं पाणी चांगलं आहे. मला वाटायचं, काय पुण्य करून राहिलो आपण.

एकदा ग्रुझियावाली अंगणात आली, रांजण पाहिला, आणि मटकन खालीच बसली. मनगटापर्यंत हात वाळूत खुपसला. मला वाटलं बाईला ऊन लागलं. पण ती तिचं घर सांगत होती. छत्तीसगढी, हातवारे आणि वाळूत काढलेली चित्रं यांवरून मला कळलं ते असं: तिच्या बापाचे रांजण माणूस आत उभा राहील एवढे मोठे, आणि ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. द्राक्षं तुडवायची, आणि रस, साल, बी, सगळं त्यात ओतायचं. वर झाकण, झाकणावर माती. थंडीभर त्याला कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाप माती फोडतो, पहिला पेला स्वतः घेतो आणि मग गावाला बोलावतो.

आमच्याकडे ज्वारी पेवात पुरायचे, ते मला माहीत होतं. पण दारू पुरायची? मी तोंडावर पदर घेतला. पदराआड कान मात्र उघडे.

दुसऱ्याच दिवशी ती एक बाटली घेऊन आली. गडद काच, चिठ्ठी नाही, बुचावर मेण. बापाच्या रांजणातली, येताना त्यानं स्वतः भरून दिलेली. तिच्याकडे फ्रीज होता. पण फ्रीज उघडला की नवऱ्याच्या मित्रांना जे दिसेल ते संपायचं, आणि शिवाय फ्रीजच्या गारठ्यात हिचा वास मरतो म्हणे. रांजणाजवळच्या वाळूत ठेवशील का?

मी उन्हात धरून पाहिली. "हे सफेद?" आत तर कोऱ्या चहासारखा, मधासारखा रंग.

"सफेद," ती ठासून म्हणाली. द्राक्ष पांढरं, देठ तेवढा लाल. सालीसकट मुरते म्हणून रंग असा येतो. आणि चव? तिनं डोळे मिटले. जर्दाळू. मध. अक्रोडाची साल. हे तीन शब्द तिनं साहेबांच्या खानसाम्याला विचारून आणले होते. ते मी पक्के लक्षात ठेवले, आणि तिथंच माझी वाट लागली.

संध्याकाळी ह्यांनी वाळूतलं बूच पाहिलं. "हे काय होय?"

"ठेव आहे. तिच्या बापाची."

"दारू आहे ते! बाबाले कळलं तं मले गावात पाय नाही ठेवू देणार."

"मग कावून सांगता बाबांले? मी तं नाही सांगत."

ते हसले, आणि बाटली राहिली.

तेव्हापासून ग्रुझियावाली दोन-चार दिवसांनी येऊन वाळूवर हात फिरवून जायची, पाळण्यातल्या लेकराला थोपटावं तसा. एकदा आली तेव्हा मी जेवत होते. मक्याची भाकरी आणि जवसाची चटणी, वर कच्चं तेल. तिनं घास घेतला आणि थांबलीच. परत घेतला. जवस, लसूण, तिखट एवढंच त्यात. पण तिच्याकडे अक्रोड आणि लसूण वाटून सगळ्याला लावतात, कोंबडीला, वांग्याला, पालकाला, आणि भाकरी मक्याचीच. ही सफेद त्याच्याच बरोबर घ्यायची. गोडाबरोबर कधी नाही. खारट पनीर, लसूण, तेल, हिरवा पाला, हे तिचे सोबती. तिनं चटणीच्या वाटीकडे बोट दाखवलं, मग वाळूकडे, आणि दोन बोटं एकमेकांना चिकटवली. बाटली उघडेल तेव्हा ही चटणी पाहिजे.

माझी मान तेव्हा जी ताठ झाली, ती पुढं महिनाभर वाकली नाही. नळावर बायकांना मी सांगायची, "ते सफेद वाइन असते ना, ते गोडाबरोबर नसतात घेत." थेंब चाखलेला नव्हता!

मग एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. तिचा बाप गेला. पत्र येईपर्यंत कितीतरी दिवस होऊन गेले होते. ती कुंपणाच्या तारेला धरून उभी होती आणि बोटांवर मोजत होती. आपल्याकडे तेरवी असते तसा त्यांच्यात चाळिसावा दिवस. त्या दिवशी गेलेल्याच्या नावानं भाकरीच्या तुकड्यावर वाइनचे थेंब टाकायचे आणि मग आपण प्यायचं. घरी भाऊ करेल. इथं ती करणार, ह्याच बाटलीनं. बापाचे रांजण आता दुसरं कुणी भरेल. बापाच्या हातचं जगात तिच्याजवळ राहिलं होतं ते एवढंच, माझ्या वाळूत.

"तैं आबे," ती म्हणाली. तू ये. "चटनी. अऊ रुआबांधावाली."

मे लागला. भिलाईचा मे म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्याला विचारा. त्यातच मला कावळा शिवला. सासूबाईंनी मी गावाहून निघताना बजावलं होतं: चार दिवस पाण्याला, लोणच्याला, पापडाला शिवायचं नाही, नाहीतर नासतं. पण चार दिवस पाणी कुणी भरायचं? हे म्हणाले, "इथं कोण पाहून राहिलं?" मग मी पाणी काढलं, वाळू भिजवली, थोपटली. आदल्या आठवड्यात घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणीसुद्धा सवयीनं हलवली. पाचव्या दिवशी न्हाऊन वाळूपाशी गेले तर बाटलीवरचं मेण तडकलेलं. बूच किंचित वर आलेलं, आणि त्याच्या कडेनं एक थेंब ओघळलेला.

वास घेतला. आंबूस.

ह्यांच्या नकाशाच्या कंपासाचं टोक खुपसून बूच काढलं, चमचाभर तोंडात घेतलं. आंबट! जिभेला चिकटणारं, कच्च्या जांभळानं तोंड मिटतं तसं मिटवणारं, मागाहून कडवट. तळाशी गाळ. कुठं मध, कुठं जर्दाळू? नासली होती. माझ्या हातानं नासली होती.

दोन वर्षांपूर्वी माझी नात परदेशातून त्याच देशाची तशीच सफेद घेऊन आली. मी तिला जवसाची चटणी आणि मक्याची भाकरी करायला लावली आणि म्हातारपणी पहिल्यांदा ती नीट, बसून प्यायले. आधी आंबट. मग जीभ कोरडी, जांभळासारखीच. आणि मग, घोट उतरून गेल्यावर, नाकाच्या मागे कुठंतरी मधाचा वास येतो, वाळवलेल्या जर्दाळूचा वास येतो, पण गोडी नसते. अजिबात नसते. वास मधाचा आणि जीभ मात्र कोरडी ठणठणीत, त्यातच तिची सगळी ऐट. चटणीचं तेल त्या कोरडेपणाला धरतं, लसूण पुढं येतो, आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. नात म्हणाली, "आजी, तू रडून राहिलीस की तिखट लागलं?" मी म्हटलं, तिखट.

पण एकोणीस वर्षांच्या त्या शहाणीला चव आणि गोडी यांतला फरक कोण समजावणार? मध म्हटला होता, म्हणजे गोड पाहिजे. गोड नाही, म्हणजे नासलं. नासलेलं दुरुस्त कसं करतात, ते तिला पन्ह्यावरून ठाऊक. पातळ फडक्यातून गाळलं, पातेल्यात ओतलं, मुठीएवढा गूळ टाकला, वेलची कुटून टाकली आणि स्टोव्हवर चढवलं. जर्दाळू घरात असते तर तेही टाकले असते!

उकळी फुटली आणि वास घरभर झाला. तेवढ्यात रुआबांधावाली मागच्या दारातून आली. पातेलं पाहिलं, ओट्यावरची बाटली पाहिली. बाटलीच्या तळाशी राहिलेला घोट तिनं तळहातावर घेतला, हुंगला, जिभेला लावला.

"काबर उबालत हव बाई? ए ह तो बने रिहिस." कशाला उकळता, हे तर चांगलं होतं.

"खराब झालं होतं ते."

"नइ होय रिहिस." नव्हतं झालं. तिच्या गावात मोहाची निघायची. काय बिघडतं आणि काय नाही, ते तिला माझ्या दसपट कळत होतं. वाफेकडे बोट दाखवून ती म्हणाली, "जम्मो उड़ा गे." सगळं उडून गेलं.

"कोणाले सांगू नको," मी म्हटलं. ती भांडी घासायला बसली.

वाफेनं दोन बोटं कमी झालं होतं. तेवढं रांजणातलं पाणी घातलं, बाटली भरली, बूच ठोकलं, मेणबत्ती वितळवून मेण लावलं आणि वाळूत परत ठेवून दिली. आणि गंमत अशी, की मला बरंच वाटलं. चमचाभर चाखून मी स्वतःलाच म्हटलं, आता लागते मधासारखी!

चाळिसाव्या दिवशी दुपारी तिनं आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर पांढरा कपडा, बापाचा फोटो, तीन पेले. दूध फाडून तिनं स्वतः केलेलं खारट पनीर. अक्रोड मिळाले नाहीत म्हणून शेंगदाणे लावलेला पालक. माझी चटणी, माझ्या भाकऱ्या. रुआबांधावाली सवयीनं खाली बसायला लागली, तर ग्रुझियावालीनं तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. माझ्या घरात ती ओंजळीनं प्यायची आणि इथं तिच्यासमोर काचेचा पेला.

बूच निघालं. घरभर श्रीखंडासारखा वास सुटला.

ग्रुझियावालीचा हात जरा थांबला. मग तिनं बापाच्या फोटोपुढं ठेवलेल्या भाकरीच्या तुकड्यावर थेंब टाकले, आपल्या भाषेत हळू आवाजात बरंच काही बोलली आणि घोट घेतला. तो तिनं गिळला नाही. तोंडात धरून बसली. मग रुमाल तोंडाशी नेला.

रुआबांधावाली पेल्याला हात न लावता माझ्याकडे बघत होती. फक्त बघत होती. मी चटणीच्या वाटीत बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. ग्रुझियावालीनं एकदम बोट पुढं केलं. टेबलाच्या कडेवरून मुंग्यांची रांग बापाच्या भाकरीकडे चालली होती. आमच्याकडे पिंडाला कावळा शिवावा म्हणून लोक ताटकळतात, आणि तिच्या बापाच्या तुकड्याला माझ्या गुळानं मुंग्या लागल्या.

तिनं आमच्या दोघींकडे पाहिलं. "ए का हे? कोन करिस?" हे काय आहे, कुणी केलं?

त्या क्षणी माझ्यासमोर काय काय होतं ते सांगते. खरं सांगितलं तर उकळली का ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं तर चार दिवसांत सगळ्याला शिवले तेही. मग ते नळावर जाणार, नळावरून गावी, गावी सासूबाईंच्या कानावर. हे सगळं माझ्या डोक्यातून पळालं आणि मी झटकन, स्वच्छ हिंदीत म्हणाले, "इसने किया होगा. इनके गाँव में दारू बनती है ना, इनको आदत है. पी ली होगी, फिर पानी मिला दिया."

वाक्य चांगलं जमलं होतं. अजून शब्दन् शब्द आठवतं.

ग्रुझियावाली रुआबांधावालीकडे वळली. "तैं करे?" तू केलंस?

"नइ. मैं नइ करेंव."

एवढंच. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. बाटली माझ्या अंगणात होती, पातेलं माझं, गूळ माझा, सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, मी सांगते का ते पाहायला. मी भाकरी मोडत होते. मग ती खुर्चीवरून उठली.

ग्रुझियावालीनं तिला तिनंच शिकवलेल्या बोलीत सांगितलं, "काली झन आबे." उद्या येऊ नको.

ती माझ्याकडेही आली नाही मग. आठवड्यानं नळावर एकीनं विचारलं, "तुमची बाई दारू चोरत होती म्हणतात, खरं का वो?" मी घागर उचलली आणि म्हटलं, "काय सांगू आता बाई." म्हणजे "हो"च म्हटलं, तेही सोज्वळपणे. त्या लाइनीतल्या आणखी दोन घरांची कामं तिच्या हातून गेली. सकाळी भांडी घासताना माझे हात राखेनं भरायचे. ह्यांनी विचारलं, "कावून सोडलं तिनं?" मी म्हटलं, तिचं घर दूर पडते.

जूनच्या सुरुवातीला मी लोणच्याची बरणी उघडली. फेकायचीच म्हणून उघडली. त्याच चार दिवसांत मी ती हलवली होती. फडकं सोडलं. तेल वर आलेलं, फोडी करकरीत, मोहरीचा वास नाकात शिरला. एक फोड तोंडात टाकली. सासूबाईंच्या हातचं कधी एवढं चांगलं झालं नव्हतं.

बरणी हातात तशीच राहिली. लोणचं नासलं नाही. म्हणजे माझा हात नासवणारा नव्हता. म्हणजे बाटलीही नासली नव्हती. ए ह तो बने रिहिस. त्या बाईनं तळहातावर घेऊन, चाखून, खरं सांगितलं होतं, आणि मी तिला चोर केलं होतं, एका खोट्या भीतीपायी.

चपला घातल्या आणि भर दुपारी रुआबांध्याला चालत गेले. ती दारात चिंचेतले चिंचोके काढत बसली होती. मला पाहून उठली नाही. मी म्हटलं, "चला, कामाला या." ती चिंचोके काढत राहिली. मी म्हटलं, "चुकी झाली माझी."

"मोला का बतावत हव?" मला काय सांगता? ती म्हणाली. "मोर नाव ले के बोले हव. मोर आगू म ओला बतावव." माझं नाव घेऊन बोललात. माझ्यासमोर तिला सांगा.

आम्ही दोघी चालत परत आलो. वाटभर ती चार पावलं पुढं. ग्रुझियावालीनं दार उघडलं, रुआबांधावाली पायरीशीच थांबली. मी आत गेले. सांगितलं, मीच केलं. गूळ मी घातला, पाणी मी घातलं. का, ते सांगायला लागले तर शब्दच सापडेनात. विटाळाला मी हिंदीत काय म्हणू? शेवटी पायरीवरून रुआबांधावालीच बोलली. तिच्या बोलीत, दोन वाक्यांत: महिन्याचे दिवस होते, ह्या बाईला वाटलं हिच्या शिवण्यानं खराब झालं. ज्या बाईवर मी आळ घेतला, तिलाच माझी बाजू मांडावी लागली.

ग्रुझियावालीनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "छुए ले?" शिवण्यानं? आणि मग, "गुड़?"

"हो."

"मोर ददा," ती म्हणाली, माझा बाप, "मीठा नइ खावत रिहिस." गोड खात नसे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या बाजूनं बाहेर गेली, पायरीवर रुआबांधावालीचे दोन्ही हात धरले आणि आपल्या भाषेत खूप बोलली. रुआबांधावाली मान हलवत होती. मला त्यातला एक शब्दही कळला नाही, आणि कळावा असा तो माझ्यासाठी नव्हताच. दुसऱ्या दिवशी मी नळावर, चार बायकांसमोर, घागर खाली ठेवून तेच परत सांगितलं. वेलचीला बायका हसल्या. पुढचं ऐकून आपापल्या घागरी उचलून निघाल्या. सासूबाईंपर्यंतही ते पोचलं, आणि पोचायलाच पाहिजे होतं.

ग्रुझियावाली पुढच्या वर्षी नवऱ्याबरोबर परत गेली. जाताना जवस घेऊन गेली, पुरचुंडी बांधून. तोवर कुंपणावरून बोलायची, हसायची. पण माझ्या वाळूत ठेवायला काही दिलं नाही.

रुआबांधावाली मात्र आमच्याकडे कितीतरी वर्षं होती. माझी लेकरं तिनं अंगाखांद्यावर खेळवली. मी तिच्यासाठी काचेचा पेला आणला होता, तिच्या समोर धुऊन, पुसून रांजणावर ठेवला होता. तो रांजणावरच राहिला. ऐन मे महिन्यात, चार कोस चालून आल्यासारखा चेहरा झालेला असला तरी, ती आपल्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी प्यायची आणि तुंबा परत खुंटीला अडकवायची. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय होतं? ग्रुझियावालीच्या घरून आम्ही दोघी परत निघालो, त्या दिवशीच कुंपणापाशी थांबून, आवाज न चढवता तिनं सांगून टाकलं होतं, की उद्यापासून येईन, पण तुमच्या घरचं पाणी पिणार नाही. तिच्या शब्दांत:

"काली ले आहूं बाई. फेर तुंहर घर के पानी नइ पियंव."